आपल्या शब्दकोशाच्या चारही मेंटेनरांना नागपूरहून खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पत्र तुम्हा चौघांच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरांच्या नावाने आहे, पण वाचणार एक जण आणि बाकी तिघांना तो दोन ओळींत सांगणार हे सहा वर्षांनी आता मला कळलंय, म्हणून उघडच लिहितो. ग्रुपवर टाकलं असतं तर तासाभरात गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली दबलं असतं. प्रोजेक्टच्या पानावर इश्यू, म्हणजे तक्रार म्हणून टाकलं असतं तर "विषयाला सोडून" असं लेबल लागून लॉक झालं असतं, मागचे दोन तसेच झालेत. नागपूरचा असल्यामुळे मला मोर्चाची पद्धत ठाऊक आहे. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चा निघतो, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर पोलीस अडवतात, लोक तिथेच रस्त्यावर बसतात आणि शेवटी कोणीतरी येऊन निवेदन घेऊन जातं. तर हे ते निवेदन समजा, मी टी-पॉइंटवर बसलोय.

ज्यांना आपला प्रोजेक्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये मराठी टाइप करताना चुकलेल्या शब्दाखाली लाल वळवळती रेघ येते ना, ती कुठे यावी आणि कुठे येऊ नये हे दोन फायली ठरवतात. लोकांनी असे जे मराठी शब्दकोश बनवलेत त्यातला एक छोटासा आमचा. इंजिन हनस्पेल नावाचं, मुळात हंगेरियनसाठी बनलेलं, कारण त्या भाषेतही आपल्यासारख्याच शब्दाला शेपट्यांवर शेपट्या लागतात. एका फायलीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. "घर" एकदाच लिहायचं, मग घराला, घराचा, घरासमोर, घरासमोरच्यांना हे सगळं नियमांतून तयार होतं. काम दिसायला कारकुनी आहे, पण एक नियम चुकला की हजारो शब्द एका झटक्यात बरोबर किंवा चूक ठरतात. मी दिवसा आयटी पार्कात दुसऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री ही फाइल, आणि खरं सांगू का, दिवसापेक्षा रात्रीचं काम जास्त आवडतं.

आता भांडण काय झालं ते. मागच्या मे महिन्यात इथल्या एका पोरीने, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची, वऱ्हाडी शब्दांचा पुल रिक्वेस्ट टाकला, म्हणजे हे शब्द आपल्या फायलीत घ्या अशी विनंती. तिचा पहिलाच. माझ्या घरी कूलरसमोर बसून तिने यादी केली, बाहेर ४५ डिग्री, कूलरचं पाणी संपलं की दोन मिनिटांत लॅपटॉपचा पंखा कूलरपेक्षा मोठ्याने ओरडायला लागायचा. तिची आजी काटोलकडची. पोरगी फोन स्पीकरवर टाकून विचारायची, आजी, याले काय म्हणते वं, आणि आजीला वाटायचं नात परीक्षेचा अभ्यास करून राहिली म्हणून ती एकाच्या जागी दहा शब्द सांगायची. पऱ्हाटी, पोट्टा, काऊन, असे. सांबार टाकायला गेली तर तो आधीच यादीत निघाला, इडलीसोबतचा, आपल्या इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर हे हनस्पेलला कळायचं कारण नाही आणि त्याला फरकही पडत नाही, तेव्हा आम्ही लय हसलो. शब्दांसोबत तिने एक नियम टाकला, "ला"च्या जागी "ले". मले, तुले, घराले, पोट्ट्याले. एका ओळीचा नियम.

सात आठवडे त्याच्यावर कोणी काही बोललं नाही. हे मला भांडणापेक्षा वाईट वाटतं पण ते राहू द्या. मग जुलैत एका रात्री पावणेबाराला तो बंद झाला, खाली एक शब्द, "अशुद्ध", आणि पूर्णविराम. बाराला तुमच्यातल्याच दुसऱ्याने तो परत उघडला. एकच्या सुमारास तिसऱ्याने चर्चा लॉक केली. सकाळी उठून बघतो तर ज्याने उघडला होता त्याचा मर्जचा, म्हणजे बदल मुख्य फायलीत घेण्याचा अधिकारच गेलेला. कोणी काढला? का काढला? कोणत्या नियमाने? आज इतके महिने झाले, उत्तर नाही. आपल्या पानावर अजूनही चार मेंटेनर लिहिलेत, चावी तिघांकडेच आहे.

आता ज्याने "अशुद्ध" लिहिलं त्याची बाजू मीच मांडतो, कारण त्याने स्वतः मांडली नाही. त्या शब्दामागे एक खरा मुद्दा आहे. "घराले" आपण बरोबर धरलं की मग "घराला" लिहिताना बोट घसरून "घराले" झालं तर रेघ येणार नाही, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर काना आणि मात्रा शेजारशेजारच्याच बटणांवर आहेत, म्हणजे बोट घसरणारच. कचेरीत अर्ज टाइप करणारा माणूस, प्रूफं तपासणारी बाई, यांना १९६२च्या नियमांप्रमाणे चालणारीच यादी हवी आणि त्यांचं बरोबर आहे. मी स्वतः त्या नियमाच्या विरोधात मत दिलं असतं. पण उपायही समोरच होता ना. इंग्रजीचा अमेरिकन वेगळा, ब्रिटिश वेगळा, भारतातला वेगळा असे शब्दकोश आहेतच, तसा वऱ्हाडीचा वेगळा काढायचा. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वऱ्हाडी-नागपुरीला आयएसओचा स्वतंत्र तीन अक्षरी कोडसुद्धा आहे, व्हीएएच. दोन संध्याकाळचं काम होतं. हे तिला कोणीतरी लिहायला पाहिजे होतं, चर्चा उघडी असती तर मीच लिहिलं असतं.

त्यामुळे मेहेरबानी करून याला पुणे विरुद्ध नागपूर करू नका, आणि नागपूरवाल्यांनो, तुम्हीही करू नका. ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं, तर्रीपोह्यांपासून वेगळ्या विदर्भापर्यंत सगळं निघालं, मजाही आली थोडी, पण मुद्दा भलतीकडेच गेला. मुद्दा एवढाच आहे की आपल्या प्रोजेक्टमध्ये कोण ठरवतं, कसं ठरवतं, आणि ठरलेलं पटलं नाही तर कुठे जायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्याचं इंटरनेट रात्री चालू त्याचा निर्णय, असं चाललंय.

दादांना, म्हणजे चौघांतल्या मुख्य मेंटेनरना, हे लिहिलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "अरे आपण घरातलेच लोक, घरात कुठे नियम लिहितात?" दादा, नागपूरच्या माणसाला "बघू, करू, आपलंच आहे" हे शब्द फार जुन्या ओळखीचे आहेत. १९५३च्या नागपूर करारावर इथे चहाच्या टपरीवरही दोन मतं मिळतील, कोण म्हणेल पाळला, कोण म्हणेल कुठे पाळला, पण वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात हे कागदावर आलं म्हणून तर दर हिवाळ्यात आम्ही त्या ओळीवर बोट ठेवून बोलू शकतो. आपल्याकडे बोट ठेवायला ओळच नाही.

बाहेर बघा ना. डेबियन ही लिनक्स आवृत्ती बनवणाऱ्यांचं स्वतःचं संविधान आहे, १९९८चं. त्यांचा लीडर दर वर्षी मतदानाने निवडतात आणि मतपत्रिकेवर "यांच्यापैकी कोणी नाही" हाही पर्याय असतो, आपल्या नोटासारखा नुसता राग काढायला नाही, त्याला हरवल्याशिवाय उमेदवार निवडूनच येत नाही. आता असं नाही की संविधान आहे म्हणून ते गोडीगुलाबीने राहतात. २०१४मध्ये सिस्टमडी, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, घ्यायचं की नाही यावरून तिथे जे झालं त्यापुढे आपलं भांडण म्हणजे काहीच नाही. तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार, अध्यक्षाच्या निर्णायक मताने ठरलं, लोक चिडले, काहींनी तर देवुआन नावाचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रोजेक्ट, काढला. पण चार-चार झाल्यावर कोणाचं मत मोजायचं हे आधी लिहिलेलं होतं. तिथे कोणी रात्री एक वाजता कोणाची चावी काढून घेतली नाही.

आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तर दादा तुम्ही स्वतःच आम्हाला मागे एका मीटअपमध्ये सांगितलं होतं. वॉलरस ऑपरेटरचा प्रस्ताव, पेप ५७२, इतकं छोटं चिन्ह, कोलन आणि बरोबर, त्याच्यावरून इतकी वादावादी झाली की २०१८च्या जुलैत ही भाषा बनवणाऱ्या गिडोने मंजुरी दिल्यावर लगेच सांगून टाकलं की आता बस, मी प्रमुखपद सोडतो, आणि वारसही नेमणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मग कोअर डेव्हलपर लोकांनी भांडत न बसता कारभाराचे वेगवेगळे मसुदे लिहिले, ८०१० ते ८०१६ असे सात, त्यावर मतदान केलं आणि डिसेंबरमध्ये एक निवडला. पाच जणांची समिती, एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त नकोत, नवीन आवृत्ती आली की पुन्हा निवडणूक, आणि दोन तृतीयांश लोकांना वाटलं तर अविश्वास ठराव. पहिल्या पाचांत गिडो स्वतः निवडून आला, पण पाचातला एक म्हणून. हे सांगताना तुमच्या आवाजात कौतुक होतं दादा, मला आठवतंय. तुमच्या हातात तेव्हा समोसा होता आणि तो थंड झाला तरी तुम्ही बोलतच होता.

तर आता थेट दादांशीच बोलतो, बाकीच्यांनी हवं तर हा भाग सोडा. दादा, तुम्ही दमलात. सात आठवडे पुल रिक्वेस्ट पडून राहिला कारण तुमच्या घरी आजारपण होतं, हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर माझीच मला लाज वाटली कारण मधल्या काळात मी तीनदा "काही अपडेट?" असं विचारलं होतं. पण दमलेला एकटा मेंटेनर ही नुसती वाईट वाटायची गोष्ट नाही. एक्सझेडचं तुम्हाला माहीत आहे. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली फाइल आवळायची लायब्ररी, सांभाळणारा एकटा माणूस, २०२२मध्ये त्याने मेलवर लिहिलंही होतं की मानसिक त्रास चालू आहे, हा काही पगारी प्रोजेक्ट नाही. त्याच वेळी काही अनोळखी अकाउंटं त्याच्या मागे लागली, इतका उशीर का, दुसऱ्याला का देत नाही, आणि दुसरा एक मदतीला तयार उभाच होता, गोड बोलणारा, दोन वर्षं नीट काम करणारा. त्याच्या हातात चावी गेली आणि ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचा दरवाजा, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसला. २०२४च्या मार्चमध्ये तो सापडला तोही कसा, तर एका इंजिनिअरला एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं म्हणून. अर्धा सेकंद! आपल्या शब्दकोशात कोणी मागचा दरवाजा बसवणार नाही, बसवून करणार काय, लाल रेघ निळी करणार? पण एकटा दमलेला माणूस आणि त्याच्यामागे लागलेले "काही अपडेट?"वाले, यात मी कोणत्या बाजूला होतो ते मला दिसलं.

म्हणून चाव्यांचं सांगतो. डोमेन दादांच्या नावावर, एक्स्टेंशनचं अकाउंट दादांच्या जुन्या मेलवर, आणि देणगीचा क्यूआर कोड दादांच्या स्वतःच्या यूपीआयचा. कोणालाही संशय नाही, उलट मला पक्कं माहीत आहे की सर्व्हरचे पैसे दादांनी कितीतरी वेळा खिशातून भरलेत. पण आमच्या मोहल्ल्यातलं गणेश मंडळसुद्धा १०१ रुपयांची पावती फाडतं आणि विसर्जन झाल्यावर जमाखर्चाचा कागद बोर्डावर चिकटवतं, त्यात कधी ढोलवाल्यांचा आकडा बघून लोक तोंड वाकडं करतात, पण बघायला तरी मिळतो. आपण लगेच संस्था नोंदवा असं म्हणत नाही, सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात आणि सध्या आपल्याकडे एका वेळी एकमेकांशी बोलणारी सात माणसं निघतील का याची मला शंका आहे. पण दुसऱ्या एका माणसाकडे पासवर्ड आणि वर्षातून एकदा एक पानी हिशोब, यात अवघड काय आहे?

आणि ती आचारसंहितेची फाइल. कोणी उघडून बघितली आहे का? मी त्या पोरीला म्हटलं होतं, घाबरू नको, कोणी वेडंवाकडं बोललं तर तक्रार करायची सोय आहे, फाइल आहे बघ. तिने उघडली. कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट या तयार नमुन्याची १.४ आवृत्ती जशीच्या तशी चिकटवलेली, आणि तक्रार कुठे पाठवायची त्या ओळीत चौकोनी कंसात अजूनही "इन्सर्ट ईमेल अ‍ॅड्रेस" असंच लिहिलंय. पाच वर्षं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काही बोलली नाही. मी पाणी भरायला कूलरकडे उठलो. बरं, नुसता मेल टाकून भागत नाही हेही खरं, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रोजेक्टमध्ये २०२१च्या नोव्हेंबरमध्ये अख्खी मॉडरेशन टीम एकदम राजीनामा देऊन गेली, कारण कोअर टीमला नियम लागू करायला त्यांच्या हातात काही नव्हतंच. म्हणजे तक्रार मेंटेनरविरुद्धच असेल तर ती वाचणारा माणूस मेंटेनर नसावा, एवढं तरी लिहा.

लॉक झाल्यावर तिला मी फोन केला. ती म्हणाली, "जाऊ द्या ना दादा, मले वाटलं सगळ्यांचं हाये." रडली वगैरे नाही. आता ती कुठल्यातरी बाहेरच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन लिहिते, तिथे पहिल्या चुकीला कोणीतरी तीन ओळी समजावून लिहिल्या म्हणे. अशी माणसं जाताना दार आपटत नाहीत त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. मी परवा गिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद, काढून बघितला, मागच्या वर्षी नऊ नावं होती, यंदा चार, आणि त्या चारातली दोन माझीच आहेत, एक ऑफिसच्या लॅपटॉपवरून, एक घरच्या.

माझंही पाप सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही काढणारच आहात. दोन वर्षांपूर्वी मला काही महिने मर्जचा अधिकार होता तेव्हा मी एका मित्राची वैद्यकीय शब्दांची यादी न तपासता घेतली, त्यात "हृदय"चं रूप चुकीचं होतं आणि ते तीन महिने बरोबर म्हणून मिरवत होतं. मला कोणी विचारलं नाही कारण विचारायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. तेव्हा मला ही व्यवस्था फार सोयीची वाटली होती.

"एवढंच असेल तर फोर्क कर ना" असं तिसऱ्या भाऊंनी लिहिलंय. करता येतो, लायसन्स देतंच, आणि फोर्क म्हणजे नेहमी वाईटच असं नाही. २०१० मध्ये ओपनऑफिसमधले लोक बाहेर पडले म्हणून आज लिब्रेऑफिस आहे, जिथे आपला शब्दकोश चालतो. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोजेक्टमधून २०१४च्या डिसेंबरमध्ये आयओ डॉट जेएस फुटलं आणि पुढच्याच वर्षी फाउंडेशन आणि नियम लिहून झाल्यावर परत एकत्र आलं. पण त्यांच्याकडे फुटायला माणसं होती भाऊ. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, आणि आपल्या लॉगमध्ये नावं चार. चाराचे दोन-दोन केले तर त्याला फोर्क म्हणायचं की वाटणी? वाटणीत विहीर मधोमध येते आणि मग पाणी कोणालाच मिळत नाही, हे खेड्यात कोणालाही विचारा.

मागणं फार नाही. ज्याची चावी काढली त्याला कारण लेखी सांगा, किंवा चावी परत द्या. तो पुल रिक्वेस्ट उघडा आणि नाकारायचा असेल तर तीन ओळींत का ते लिहून नाकारा, मी त्या नकाराच्या बाजूने सही करतो. मी दीड पानाचा मसुदा मराठीत लिहिलाय, कोण मेंटेनर होऊ शकतं, किती दिवसांत उत्तर द्यायचं, कोणी थकलं तर सुट्टी कशी घ्यायची आणि तेव्हा त्याला "काही अपडेट?" विचारायचं नाही, मतं समान पडली तर काय, असं सगळं. चुका असतील त्यात, खोडा, पण लेखी खोडा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी संध्याकाळी धरमपेठेत नेहमीच्या जागी आम्ही बसणार आहोत, ज्यांना यायला जमत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल लावतो, दादा तुम्ही कॅमेरा बंद ठेवून आलात तरी चालेल.

त्या पोरीला मी या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. तिची यादी माझ्या मशीनवर वेगळ्या ब्रांचमध्ये आहे, "ले"चा नियम काढून ठेवलेली. तिच्या आजीला मात्र कोणी काही सांगितलं नाही वाटतं, कारण परवा तिने नातीच्या हातून आणखी अकरा शब्द पाठवलेत, वहीच्या पानावर लिहून, फोटो काढून. त्यातले दोन मलाही माहीत नव्हते.

आपला,
त्रिमूर्ती नगरातला, लॉगमध्ये दोनदा दिसणारा